खंडेनवमीच्या पूजेतली बॅटरी

गेले काही रविवार तुम्ही दोघं फोनवर एकच विचारताय, ताई कुठं आहे, ती पडद्यावर का येत नाही. मी दर वेळी काहीतरी सांगितलं. अभ्यास करतेय, झोपलीय, मैत्रिणीकडे गेलीय. त्यातलं काहीच खरं नव्हतं. खरं ते पाच मिनिटांच्या बोलण्यात मावणारं नव्हतं आणि पडद्यावर माझा चेहरा तुम्हाला दिसत असताना मला ते सांगताही आलं नसतं. म्हणून लिहून पाठवते. तुम्हाला मराठी वाचता येत नाही, तुमची आई वाचून दाखवेल. तिनं मधलं काही गाळू नये.

ताई म्हणजे माझ्या धाकट्या दिरांची नात, हे तुम्हाला माहीत आहे. तिचे वडील मला काकू म्हणतात आणि ती मला आजी म्हणते. हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावला त्यांची शेती आहे. बारावीनंतर हिंगोलीत नर्सिंगला तिचा नंबर लागला तेव्हा होस्टेलला जागा नव्हती, आणि माझ्या घरात मी एकटी होते. त्या घरातून गावाबाहेर शिकायला निघालेली ती पहिली मुलगी. तिला सोडायला आलेल्या वडिलांनी पत्र्याची पेटी माझ्या मधल्या खोलीत ठेवली आणि माझ्यादेखत तिला सांगितलं, "काकूच्या घरी राह्यचं, काकूचं ऐकायचं. अन् मला काही ऐकायला आलं, की त्या दिवशी पेटी उचलायची. मग डॉक्टरीण असो का नर्स."

काय ऐकायला आलं, कुणाचं चुकलं, हा प्रश्न त्या अटीत कुठंच नव्हता. तेव्हा माझ्या ते लक्षात आलं नाही. मुलीच्या आलं होतं.

यंदा ती शेवटच्या वर्षाला गेली आणि दवाखान्यातली पाळी संध्याकाळपर्यंत चालू लागली. पावसाळा सरता सरता एक दिवस ती घरी आली ती चप्पल हातात घेऊन. धावल्यामुळे पट्टा तुटला होता. काय झालं म्हणून विचारलं तर आधी पाणी प्यायली, मग म्हणाली, "आजी, एकजण मागं येतो."

एस.टी. डेपोच्या वळणावर, झेरॉक्सच्या दुकानापाशी, तो मोटरसायकलवर बसलेला असायचा. ती दिसली की गाडी चालू करायचा आणि तिच्या चालीनं मागं मागं आणायचा. सुरुवातीला बोलत नसे. मग एकदा शेजारून म्हणाला, "गोरेगावची ना तू? शनिवारी जीपनं जात असते." बस, एवढंच. शिवी नाही, घाणेरडं काही नाही. पण तिचं गाव, तिचा वार, तिची जीप त्याला ठाऊक होती, आणि हे तिला कळावं म्हणूनच तो बोलला होता.

मी काही दिवस तिला आणायला जाऊ लागले. माझे गुडघे तुम्हाला माहीतच आहेत. आम्ही दोघी रस्त्याच्या कडेनं चालायचो आणि मागून त्याच्या गाडीचा आवाज यायचा, अगदी हळू. एकदा मी वळून त्याच्याकडे रोखून पाहिलं. चाळीस वर्षं मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, माझ्या नुसत्या बघण्यानं वर्ग गप्प व्हायचा. तो हसला आणि फार आदरानं म्हणाला, "आजी, सांभाळून चाला, पुढं खड्डा हाय." खड्डा खरंच होता. शिवी दिली असती तर मी रस्त्यावर चार माणसं जमवली असती. खड्डा दाखवणाऱ्याविरुद्ध मी कुणाला काय सांगणार होते?

रिक्षा लावून दिली तर तो रिक्षाच्या मागं. पोलिसांत जाऊ म्हटलं तर तिनं माझे हात धरले. "नको आजी. तक्रार दिली की नाव लिहितेत. नाव लिहिलं की गोरेगावात जातं. माझ्या बाबाच्या आधी जीपवाल्याला कळंल. मग पेटी."

"तुझी काय चूक आहे यात? मी सांगते ना तुझ्या वडिलांना."

"तुमी सांगताल. ते तुमचं ऐकून घेतेन, तुमाला चहा पाजतेन, अन् मला घरी नेतेन."

तिला तिचा बाप माझ्यापेक्षा चांगला माहीत होता. मी पोलिसांचा नाद सोडला. म्हणजे आता दोघांपासून लपायचं होतं. वळणावरच्या त्या माणसापासून, आणि घरच्यांपासून. दुसरं पहिल्यापेक्षा अवघड होतं.

हे मी तुमच्या आईला सांगितलं आणि तिच्याकडून तुम्हाला कळलं. तेव्हा नातीबाई, तूच म्हणालीस की तुमच्या तिकडच्या कॉलेजात मुली विजेचा झटका देणारं छोटं यंत्र किल्लीच्या कडीला अडकवून उघड फिरवतात, आणि तूच फोनवर चित्रं पाठवलीस. आपल्याकडेही घरपोच मिळतात, नुसती नावं वेगळी. ती चित्रं बघताना ताई किती दिवसांनी हसली ते आठवतं मला. एक लिपस्टिकसारखं होतं.

"आजी, हे झटका देईल का नाही ते माहीत न्हाई. पण बाबाला माझ्या पिशवीत लिपस्टिक दिसली ना, तर मलाच झटका बसंल."

दुसरं मोबाईलसारखं होतं. ते पाहून तर तिनं कपाळालाच हात लावला. "दुसरा मोबाईल? मग तर लग्नच. त्याच आठवड्यात."

शेवटी बॅटरी ठरली. तुम्ही टॉर्च म्हणता, इकडे सगळे बॅटरीच म्हणतात. काळी, वीतभर, हातात बसणारी. पुढं दिवा आणि दिव्याच्या कडेला दोन बारीक धातूची टोकं, नीट पाहिल्याशिवाय न दिसणारी. वरचं बटण दाबलं तर उजेड. बाजूचं सरकवून दाबलं तर त्या दोन टोकांत निळी ठिणगी आणि तडतड असा आवाज. शेतकऱ्याच्या मुलीच्या पिशवीत बॅटरी असली तर कुणाला काय वाटणार आहे? उलट मुलगी चांगल्या वळणाची दिसते.

नंतर मी ह्या निवडीवर फार विचार केला. त्या यंत्राला दुसऱ्या कशाचं तरी रूप देतात ते हल्ला करणाऱ्याला कळू नये म्हणून. आम्ही रूप निवडलं ते बापाला कळू नये म्हणून. वळणावरच्या माणसाचा त्या निवडीशी काही संबंधच नव्हता.

पार्सल आलं. सोबतच्या कागदावर इतकं वाईट इंग्रजी होतं की माझा हात लाल पेनाकडे गेला. पण अर्थ लागला तसं ते पेन मी खाली ठेवलं. टोकं अंगाला टेकवून धरायची, लगेच काढायची नाहीत, थोडा वेळ तशीच धरून ठेवायची, असं लिहिलं होतं. याचा अर्थ तो माणूस हाताच्या अंतरावर यायला हवा. त्याच्याही आत. तो इतका जवळ येईल, ह्या तयारीसाठी आम्ही दोघी मधल्या खोलीत खिडक्या लावून एका उशीवर सराव करत होतो. मी उशी धरायची, तिनं टेकवायचं. कायद्यात हे बसतं का म्हणून ओळखीच्या एका वकिलांना विचारलं तर ते म्हणाले, "तुम्हाला कशाला हवंय, बाई?" आणि मी विषय बदलला.

त्या तडतडीनं शेजारच्या वहिनी भिंतीपलीकडून ओरडल्या, "काकू, डास लई झालेत व्हय तुमच्याकडं? दिवसभर बॅट चालू हाय!"

"हो, फार झालेत," मी म्हटलं. ताई उशीत तोंड खुपसून हसत होती. हसता हसता ती रडायला कधी लागली ते मला कळलं नाही.

नंतर एका संध्याकाळी तो खरंच जवळ आला. गाडी आडवी लावली आणि तिच्या ओढणीचं टोक बोटांत धरलं. तिनं पिशवीतून बॅटरी काढली, पण घाईत बटण वरचं दाबलं गेलं. झटका नाही, उजेड पडला, सगळा त्याच्या तोंडावर. त्यानं डोळ्यांवर हात धरला, आणि ती निघून आली. घरी येऊन म्हणाली, "आजी, मी त्याचं तोंड नीट पाह्यलं. साधंच हाय. कुणाचातरी दादा असंल असं." त्या साध्या चेहऱ्यानंच ती जास्त घाबरली होती.

मग दसऱ्याच्या सुट्टीला आम्ही दोघी गोरेगावला गेलो. दरवर्षी जाते मी, सासरच्या देवाला. शेतात सोयाबीनची काढणी चालली होती, सगळे थकलेले होते. खंडेनवमीच्या सकाळी ताईच्या आईनं ओसरी सारवली आणि घरातली सगळी अवजारं धुऊन पुसून पाटावर मांडली. विळे, कुऱ्हाडी, खुरपी, फवाऱ्याचा पंप. बाहेर ट्रॅक्टरला झेंडूचा हार. मलाही दरवर्षी माझं पेन तिथं ठेवायला लावतात. ज्याच्यावर आपलं पोट आहे आणि ज्यानं आपली राखण होते, त्याला त्या दिवशी हळदकुंकू लावायचं, त्याच्याकडून त्या दिवशी काम घ्यायचं नाही, एवढीच रीत. आणि पूजा चुकलेलं हत्यार ऐन वेळी हात देत नाही, असं त्या घरात सगळे मानतात.

ताईनं तिचं बी.पी. तपासायचं यंत्र ठेवलं. मी पेन ठेवलं. मग मी आत देवघरात फुलं आणायला गेले. परत आले तेव्हा कुऱ्हाडीच्या शेजारी बॅटरी होती.

मला वाटलं, उचलावी आणि पदराखाली घ्यावी. पण तेवढ्यात तिचे वडील हळदीची वाटी घेऊन बसले होते, आणि ओसरीवर चुलते, शेजारी, सगळे होते.

"हे काहून ठिवलं गं इथं?" वडील म्हणाले. "बॅटरी काय हत्यार हाय व्हय?"

"राहू द्या," तिची आई म्हणाली. "अंधारात कामी येती लेकराला."

"मग चूल बी आण. ती बी कामी येती."

सगळे हसले. वडिलांनी एकेका अवजाराला बोट लावत बॅटरीपर्यंत हात आणला, तिच्या तोंडाला हळद लावली, दांड्याला कुंकू लावलं आणि उचलून म्हणाले, "उजेड तरी पडतो का बघू." बाजूचं बटण सरकवून दाबलं.

हळद ओली होती. निळी ठिणगी नेहमीपेक्षा मोठी उडाली, तडतड झाली, आणि त्यांच्या हातातून बॅटरी पाटावर पडली. ताईची आई किंचाळली. ओसरीखालचं कुत्रं पळत सुटलं. मग म्हातारे चुलते मांडीवर थाप मारून हसायला लागले. "अरे, हे तर झटका मशीन! आपल्या कुंपणावर हाय ते! धाकटं पिल्लू हाय त्याचं!"

शेताच्या तारांमध्ये वीज सोडून रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, हाकलायचं यंत्र, त्याला तिकडे झटका मशीन म्हणतात. आता घरोघर आहे.

वडीलही हसले. बोटं झटकत लेकीकडे वळून म्हणाले, "काहून गं? तुज्या हिंगोलीत डुकरं लई झाली व्हय?"

ती हसली असती तर सगळं तिथंच मिटलं असतं. मैत्रिणीनं गंमत म्हणून दिली म्हणाली असती, मीही मान हलवली असती. पण तिनं वडिलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि तिचं तोंड आवळल्यासारखं झालं. वडिलांचं हसू चेहऱ्यावर होतं तसंच राहिलं, फक्त डोळे बदलले. शेतकरी माणूस, रानात पाऊल कुणाचं ते पाहून ओळखणारा. त्यांनी बॅटरी उचलली, लुंगीला पुसली आणि हलक्या आवाजात विचारलं, "किती दिवस झाले?"

तिनं पाटावरचं बी.पी.चं यंत्र उचलून पोटाशी धरलं.

"काकू. तुमाला ठाऊक होतं?"

"होतं," मी म्हटलं.

"तुमी शिकलेल्या. तुमच्या भरवशावर पोरगी ठिवली होती मी."

"तिनं काही केलेलं नाही. तो माणूस—"

"त्यानं केलं का तिनं केलं, हे मी इचारलंच न्हाई," ते म्हणाले. "झालं ना? बस झालं."

संध्याकाळी गोठ्यामागं ती मला एकटी भेटली. मी तिला रागावले नाही, नुसतं विचारलं, का ठेवलीस? ती म्हणाली, "आजी, उशीवर चालती ती. पण त्या दिवशी हाती धरली तर उजेडच लागला. पूजा न्हाई केली आन् परत तसंच झालं तर? मला वाटलं, बाबा बॅटरीला बॅटरीच म्हणतेन." मग म्हणाली, "ते खरंच हत्यारच हाय ना आजी. माझ्यापाशी तेवढंच हाय."

मी तिला काय सांगणार होते? की चालण्या-न चालण्याचा पूजेशी संबंध नसतो?

दुसऱ्या दिवशी आपट्याची पानं वाटून झाली आणि मी एकटी जीपमध्ये बसले. ताई ओट्यावर उभी होती. तिचा मोबाईल वडिलांच्या खिशात होता. बॅटरीही.

पुढचे दिवस कसे गेले ते सविस्तर लिहीत नाही. तिचे पांढरे कपडे दोरीवर वाळत होते ते मी काढून घडी केले, मग पुन्हा घडी मोडून पुन्हा केले. तुमचा फोन आला की आवाज नीट करायचे. नर्सिंगच्या मॅडमचा फोन आला. हजेरी कमी पडत चाललीय, अशीच गैरहजर राहिली तर परीक्षेला बसता येणार नाही, मग नुसतं वर्ष नाही, सगळंच गेलं, असं त्या म्हणाल्या. मी गोरेगावला फोन लावला. तिच्या आईनं उचलला आणि कुजबुजत सांगितलं, "वाशिमकडचे पाहुणे यायलेत बघायला. काकू, तुमी काही बोलू नका आता. ती जेवून राहिली न्हाई." मागून काहीतरी आवाज आला आणि फोन बंद झाला.

मी देवाजवळ बसले, पण काय मागावं तेच कळेना. त्या माणसाचं वाईट व्हावं, हे मागितलं. ते मागतानाही मला कळत होतं की त्याचं वाईट झालं तरी पेटी उचलली जाणारच.

मग एका दुपारी तिचे वडील आले. हातात सुतळीची दोरी. "पेटी न्यायला आलो, काकू."

मी चहा ठेवला. मी खूप बोलले. मुलगी हुशार आहे, मॅडम चांगलं म्हणतात, परीक्षा उंबरठ्यावर आहे, एवढं वर्ष होऊ द्या. ते पेटीला दोरी बांधत राहिले. शेवटी मी हात जोडले. ते त्यांना सहन झालं नाही. "काकू, असं नका करू. तुमी मोठ्या," म्हणाले आणि दोरीची गाठ आणखी आवळली.

परतीची जीप सकाळची होती. ऊन उतरल्यावर त्यांनी विचारलं, "कुठं थांबतो तो?"

मी सांगितलं. झेरॉक्सचं दुकान, वळण. ते उठले. सदऱ्याच्या खिशात बॅटरी होती, बाहेरून तिचा आकार दिसत होता. मी म्हटलं, भांडण करू नका. ते म्हणाले, "भांडायला माणूस तर घावू द्या."

अंधार पडता पडता ते परत आले. पाय धुतले आणि आत न येता पायरीवरच बसले. मी दारात उभी राहिले.

"दिसला?"

"कोण दिसणार? ढीगभर पोरं गाड्यांवर बसून राहिलीत तिथं. समदी सारखीच. कोणाला धरू?"

मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापाशी ठेवला.

"मग मी बी टपरीला टेकून उभा राह्यलो. म्हणलं, पोरींच्या मागं कोण निघतो ते तरी दिसंल. दवाखान्याकडून पोरी आल्या. पांढऱ्या कपड्यातल्या. लांबून आपलीच वाटावी अशा." ते पायाच्या बोटांमधला चिखल काढत राहिले, चिखल नव्हता तरी. "त्यातल्या एकीनं माज्याकडं पाह्यलं अन् रस्ता ओलांडून पल्याड गेली. एक तशीच पुढं आली. अन् तिनं पिशवीत हात घातला, काकू. माज्याकडं बघून. मी काय केलं होतं तिचं?"

"काही नाही."

"नुसता उभा होतो मी."

"हो. तोही नुसता उभाच असतो."

हे बोलायला नको होतं असं मला लगेच वाटलं. त्यांनी मान वर केली नाही. खाली बघतच विचारलं, "तिच्या पिशवीत बी हेच असंल?"

"असेल. नाहीतर मिरचीची पूड असेल. नाहीतर काहीच नसेल, नुसताच हात घातला असेल."

ते जेवले नाहीत. आत येऊन त्यांनी खिशातून बॅटरी काढली. टोकांमध्ये हळद वाळून बसली होती. बाजूचं बटण दाबलं, काही झालं नाही. "हे चार्ज कसं करतेत?"

मी दाखवलं, खालचं झाकण फिरवायचं, आत पिन असते. मुलीच्या स्पिरिटच्या बाटलीत कापूस बुडवून टोकं पुसली. ते बघत होते. लाल दिवा लागला तसं भिंतीला टेकून खाली बसले आणि त्या दिव्याकडे बघत राहिले.

सकाळी मी उठले तेव्हा ते गेलेले होते. पेटी मधल्या खोलीतच होती, दोरी बांधलेली. मी दोरी सोडली नाही. त्यांचं मन काय ठरलंय हे मला माहीत नव्हतं, आणि सोडलेली दोरी पाहून त्यांना राग आला असता तर? भीतीनं माणूस असा दोरीशीसुद्धा जपून वागायला लागतो.

ताईला घेऊन ते आले त्याला आता थोडेच दिवस झाले. ती वाळली आहे. दारातच त्यांनी सांगितलं, "परीक्षा देऊ द्या. वाशिमकडच्यांना दिवाळीनंतर या म्हणलो. पुढचं पुढं." म्हणजे मिटलेलं काहीच नाही, पुढं ढकललंय. पोलिसांत जाऊ का म्हणून मी विचारलं तर ते नुसतं "बघू" म्हणाले. मग भिंतीवरच्या चार्जरमधून बॅटरी काढून त्यांनी लेकीच्या हातात दिली. ती सवयीनं पिशवीत टाकायला गेली.

"आत नको ठिवू," ते म्हणाले. "हातात धर. दिसू दे."

तिला कळेना. माझ्याकडे पाहिलं तिनं. ते जीपकडे निघालेही होते.

आता ती बॅटरी हातात धरूनच जाते. कुंकवाचा डाग अजून दांड्यावर आहे, तो ती मला पुसू देत नाही. परवा आली आणि चप्पल काढता काढता म्हणाली, "होता आज. त्यानं हातातली पाह्यली."

"मग?"

"मग काही न्हाई. त्यानं गाडी चालू केली न्हाई. मी आले." चपला कोपऱ्यात सारत, "उद्याचं माहीत न्हाई आजी."

रविवारी ती पडद्यावर येईल. तिला ह्यातलं काही विचारू नका. तिची परीक्षा कधी आहे ते विचारा, तिला ते सांगायला आवडतं.

हे मी फाटकापाशी खुर्ची टाकून लिहितेय. अक्षर नीट दिसेनासं झालंय, पण दिवा लावायला आत गेले तर रस्ता दिसणार नाही. गाड्या येताहेत, जाताहेत. एखादी हळू झाली की माझं पेन थांबतं. अजून ती आलेली नाही.